बोरसे कॉम्प्युटराइज्ड मोटार क्लिनिक

सदाशिव बोरसेच्या गॅरेजात गाडी आली की आधी गाडी बोलायची, मग गाडीचा मालक बोलायचा आणि सगळ्यांत शेवटी सदाशिव. त्याचा सगळा त्रास होता तो या मधल्या बोलणाऱ्याचा.

सदाशिव मूळचा शिरपूरचा. ऐंशीनंतर करमाफीच्या ओढीनं सिल्वासात कारखाने येऊ लागले. कारखान्यांमागून मुंबई-पुण्याचे मॅनेजर आले, मॅनेजरांमागून त्यांच्या गाड्या आल्या आणि गाड्यांचा वास लागल्यासारखा सदाशिव आला. आमलीच्या रस्त्यावर त्यानं पत्र्याची शेड टाकली, मागं दोन खोल्या काढल्या, बायकोला म्हणजे शोभाला आणलं आणि चार-सहा वर्षांत नाव कमावलं. त्याच्या कामाला तोड नव्हती असं नाही, पण थाटाला नव्हती. हातात एक लांब डिसमिस असायचा. पेचकसाला तिकडं सगळे डिसमिसच म्हणतात. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. शेडमधल्या माणसांनी खोकायचंसुद्धा नाही. मग डोळे उघडून तो निकाल द्यायचा, "टॅपेट सैल झालेत." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं तर म्हणायचा, "गाडी खोटं बोलली."

पण सिल्वासातला गाडीवाला म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. निम्मे तर स्वतःच इंजिनिअर, आणि उरलेल्यांचे मेव्हणे इंजिनिअर. सदाशिवनं क्लच प्लेट गेली म्हटलं की ते म्हणणार, "मला वाटतं प्रॉब्लेम गिअरबॉक्समध्ये आहे." गिअरबॉक्स म्हटलं की म्हणणार, "पुण्याला आमच्या ओळखीचा एक आहे, त्यानं क्लच सांगितला होता."

यात सगळ्यांत चिवट होते खानोलकर मास्तर. सावंतवाडीकडचे, सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांची एक जुनी काळी गाडी होती आणि ती दर महिन्याला सदाशिवकडं यायची ती दुरुस्तीसाठी कमी आणि वादासाठी जास्त. तिचा क्लच गेलाय हे सदाशिवनं दिवाळीत सांगितलं होतं. संक्रांत गेली, शिमगा गेला, मास्तर अजून पुरावा मागत होते.

"बोरसे, तुम्ही ऐकलंत हे ठीक. पण मी का ऐकावं?"

असं सगळं रीतसर चाललेलं असताना सत्त्याण्णव साली मिलिंद पेंडसे नवी गाडी घेऊन आले.

पेंडसे राखोलीच्या एका सूत कारखान्यात जनरल मॅनेजर. माणूस हुशार, अंगात सफारी आणि बोलण्यात कायम एकविसावं शतक. गाडी परदेशी बनावटीची होती, तिचं नाव व्हेलोरा. चांदीसारखी चमकणारी. "बोरसे," पेंडसे खाली उतरत म्हणाले, "हिच्यात कार्बोरेटर नाही."

"चोरीला गेला?" सदाशिवनं विचारलं.

पेंडसे हसले. समोरच्याची कीव आली की हसतात तसं. "फ्यूएल इंजेक्शन! आत कॉम्प्युटर आहे. किती पेट्रोल, किती हवा, सगळं तोच ठरवतो. या गाड्यांना मेकॅनिक लागतच नाही. बिघाड झाला तर गाडी स्वतः सांगते."

"मग इकडं का आणलीत?"

"खानवेलच्या चढावर धापा टाकते."

सदाशिवनं बॉनेट उघडलं. आत इंजिनच दिसेना. सगळ्यावर काळं प्लॅस्टिकचं झाकण, आणि झाकणावर कंपनीचं नाव असं रुबाबात कोरलेलं की हात लावायलाही परवानगी काढावी. त्यानं सवयीनं डिसमिस टेकवला, डोळे मिटले. प्लॅस्टिकमधून नुसती घूं घूं ऐकू आली. शेडमध्ये खानोलकर मास्तर बसले होते, दोन टेम्पोवाले होते, मागच्या दारात चहाचे कप घेऊन शोभा उभी होती. सदाशिवला घाम फुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळे उघडल्यावर काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही.

"ही बोलत नाही साहेब," तो शेवटी म्हणाला.

"बोलते हो. तुमच्याशी नाही बोलत. कॉम्प्युटरशी बोलते."

व्हेलोरा ट्रकवर चढून मुंबईला गेली आणि महिन्याभरानं परत आली. तिकडच्यांनी आतली एक पेटी काढून दुसरी बसवली होती आणि सोबत एक छापील कागद दिला होता. पेंडशांनी दुरुस्तीपेक्षा तो कागदच जास्त लोकांना दाखवला. उद्योजकांच्या मंडळात तो हातोहात फिरला. आणि त्यानंतर सदाशिवकडं येणारा जो तो, अगदी पंक्चर काढायला आलेलासुद्धा, शेडच्या आत डोकावून विचारायला लागला, "बोरसे, तुमच्याकडं कॉम्प्युटर नाही?"

सदाशिव महिनाभर कुढला. जेवताना शोभाला म्हणाला, "हे काय नवीन खूळ! इंजिनात पेट्रोल जळतं, का कॉम्प्युटर जळतो?"

"पेट्रोलच जळतं," शोभा म्हणाली. "पण गिऱ्हाईक कुणीकडं चाललंय ते बघा."

तेव्हा सदाशिव मुंबईला गेला आणि जुन्या बाजारातून एक मशीन घेऊन आला. चाकांच्या गाड्यावर बसवलेलं, कपाटाएवढं, वर पडदा, खाली प्रिंटर, दोन्ही बाजूंनी जाड केबली लोंबणाऱ्या आणि केबलींच्या टोकाला मगरीच्या जबड्यासारखे चिमटे. विकणाऱ्यानं त्याला एवढंच शिकवलं होतं: चिमटे लावायचे आणि हिरवं बटण दाबायचं. बटण दाबलं की पडद्यावर हिरव्या लाटा उसळायच्या, आकडे पळायचे, तीनदा टूं टूं व्हायचं आणि प्रिंटर कर्र कर्र करत कागद बाहेर टाकायचा. सदाशिवनं बाजारात उभ्या उभ्या ते पाहिलं आणि तो जागच्या जागी विरघळला.

उद्घाटनाला पेंडशांनाच बोलावलं. त्यांनी फीत कापली आणि भाषण केलं. "अंदाजाचं युग संपलं," ते म्हणाले, "आता पुराव्याचं युग आहे." मग पहिला मान म्हणून व्हेलोरालाच चिमटे लावले. लाटा उसळल्या, टूं टूं झालं, कागद आला. पेंडशांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, दोनदा मान डोलावली आणि म्हणाले, "एक्सलंट." कागदावरची भाषा जरा वेगळी दिसत होती म्हणून सदाशिवनं तो खानोलकर मास्तरांपुढं धरला. मास्तरांनी चष्मा वर-खाली करून पाहिला. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला समजलं नाही असं कसं म्हणता येईल?

"हे टेक्निकल इंग्रजी आहे," मास्तर म्हणाले. "सामान्य माणसाला नाही कळायचं."

शेडवर नवी पाटी लागली: बोरसे कॉम्प्युटराइज्ड मोटार क्लिनिक.

आणि मग जे झालं ते सदाशिवच्या स्वप्नातही नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात खानोलकर मास्तरांनी गाडी आणली. सदाशिवनं डिसमिस कानाला लावला, क्लचच गेलाय याची खात्री करून घेतली, मग चिमटे लावून बटण दाबलं. कागद आला. त्यातल्या एका लांबलचक शब्दाखाली त्यानं बोट ठेवलं आणि म्हणाला, "क्लच प्लेट."

मास्तरांनी कागद घेतला. वाचला. घडी घालून खिशात ठेवला.

"बदला," ते म्हणाले.

सदाशिवला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. दिवाळीपासून तो हेच सांगत होता! पण मास्तर एकटे नव्हते. ज्या टेम्पोवाल्यानं रिंग पिस्टनवरून त्याच्याशी अबोला धरला होता, तो कागद पाहून मुकाट बसला. जे इंजिनिअर प्रत्येक नट घट्ट करताना मागं उभे राहायचे, ते आता लांब बाकावर बसून पेपर वाचू लागले. मेव्हणे तर बोलायचेच बंद झाले. काम निम्म्या वेळात उरकायला लागलं.

"म्हणजे कॉम्प्युटरनं दुरुस्ती सोपी झाली म्हणायची," शोभा एकदा म्हणाली.

"छे! दुरुस्ती आहे तीच आहे," सदाशिव म्हणाला. "गिऱ्हाईक सोपं झालं."

लोक मग काहीही घेऊन येऊ लागले. स्कूटर, शेतावरचं डिझेल इंजिन, पिठाच्या गिरणीची मोटार. गलोंड्याच्या एका माणसानं शिवणयंत्र आणलं तेव्हा मात्र सदाशिवनं हात जोडले. तो माणूस नाराज होऊन गेला. म्हणाला, "मोठ्या लोकांच्या गाड्या तपासता, आमचं मशीन नाही."

हळूहळू सदाशिवलाही मशीनची सवय लागली. आधी तो ऐकून मग बटण दाबायचा, आता आधी बटण दाबू लागला. कधी ऐकायचं राहूनही जायचं. कागद वाचता येत नव्हता, पण लाटांकडं बघितलं की त्याला काहीतरी सुचायचं, आणि जे सुचायचं ते मशीननंच सुचवलं असं त्याला वाटू लागलं. डिसमिस नुसता ग्रीसचे डबे उघडायच्या कामाला आला.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा लाइट जाऊन एकदम जोरात परत आली आणि मशीन फट् आवाज करून मेलं. सदाशिवनं मागचं झाकण काढलं, आत बघितलं आणि पुन्हा लावलं. गाड्यांची तर रांग लागली होती. "बसा हो, मी ऐकून सांगतो," तो म्हणाला, तर लोक एकमेकांकडं बघायला लागले. पूर्वी त्याच्या डिसमिसाला भुलणारी हीच माणसं.

खानोलकर मास्तर म्हणाले, "बोरसे, गैरसमज नको. पण तुमच्या कानाची प्रिंट निघते का?"

मशीन दुरुस्त होईपर्यंत कुणी साधं ऑइल बदलून घेईना. शेवटी मुंबईहून स्वप्नील गद्रे नावाचा माणूस बोलावला. असल्या यंत्रांचाच जाणकार. तो आला त्या दिवशी पेंडसेही सहज म्हणून थांबले होते. स्वप्नीलनं आतला एक जळका तुकडा बदलला, मशीन चालू केलं, लाटा उसळल्या. सदाशिवचा जीव भांड्यात पडला. पण स्वप्नील पडद्याकडं बघत कपाळाला आठ्या घालून उभाच राहिला.

"तुम्ही हे असंच वापरता?"

"म्हणजे?"

"हे डेमोवर आहे. दुकानात ठेवल्यावर गिऱ्हाइकाला दाखवायला चित्र असतं ना, ते. आतला खरा तपासणीचा भाग तर कुणीतरी केव्हाच काढून घेतलाय. हे कशालाही जोडा, हेच दिसणार."

"असं कसं होईल?" पेंडसे पुढं आले.

 शोभानं चहाची किटली बाकावर ठेवली होती, तिच्या कानाला स्वप्नीलनं चिमटा लावला आणि हिरवं बटण दाबलं. लाटा उसळल्या, टूं टूं झालं. किटलीचा कागद कर्र कर्र करत बाहेर आला.

"आणि हे इटालियन आहे," तो कागद फाडून हातात देत म्हणाला.

शोभानं तोंडाला पदर लावला. सदाशिव बाकावर बसला. त्याला आधी लाज वाटली, मग थोडं बरंही वाटलं, कारण इतके दिवस जे जे बरोबर निघालं ते त्याचं स्वतःचंच होतं. आणि मग एकदम भीती वाटली. ज्या गाड्या त्यानं न ऐकता, नुसत्या लाटांकडं बघून सोडल्या, त्यांचं काय?

पेंडशांची अवस्था त्याच्याहून वाईट होती. व्हेलोराचा कागद त्यांनी फ्रेम करून केबिनमध्ये लावला होता. उद्योजकांच्या मंडळात त्याच कागदावर त्यांनी व्याख्यान दिलं होतं आणि त्यातल्या लाटांवरून आपली गाडी चालवण्याची पद्धत किती शास्त्रशुद्ध आहे ते सिद्ध केलं होतं. स्वप्नील निघून गेल्यावर त्यांनी सदाशिवला कोपऱ्यात घेतलं.

"बोरसे, हे बाहेर जायला नको. लोकांचा टेक्नॉलॉजीवरचा विश्वास उडेल."

"पण साहेब, किटली..."

"किटली विसरा. तुमचं निदान बरोबर येतं ना? मग कागद कशाला बंद करता? कागदानं लोकांना धीर येतो."

सदाशिवला हे पटायला नको होतं, पण पटलं. तो काही साधुसंत नव्हता. एवढंच केलं की पुन्हा डिसमिस कानाला लावायला सुरुवात केली. गाडीमागं वाकून, कुणी बघत नाही असं पाहून तो ऐकायचा, मग सर्वांसमोर बटण दाबायचा. पूर्वी ऐकण्याचा थाट करायचा, आता ऐकणं चोरून करायला लागत होतं.

पावसाळा संपल्यावर एका नव्या इंग्रजी शाळेची मिनीबस आली. शाळेच्या हेडमिस्ट्रेस नलिनी कामत स्वतः सोबत होत्या. दुसऱ्या दिवशी मुलांची सहल दुधनीला जायची होती. वाट घाटाची, वळणावळणाची.

"फक्त ब्रेकचा कॉम्प्युटर रिपोर्ट हवाय," नलिनीबाई म्हणाल्या. "पालकांनी मागितलाय. आजकाल पालक फार जागरूक झालेत."

"चाकं खोलून बघायला लागतील, बाई."

"खोलायचं कशाला? कॉम्प्युटर आहे ना? मला तासाभरात कागद हवा, झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटायचाय."

सदाशिवनं चिमटा हातात घेतला. तो बसच्या पुढच्या चाकाला लावला. हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि त्याला ती किटली आठवली. किटलीचाही कागद असाच आला होता आणि तो वाचूनही पालक निर्धास्त झाले असते. त्यानं बोट काढलं. बाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत जॅक लावून चाक उतरवलं, ड्रम काढला. ब्रेकचं लायनर नावाला उरलं नव्हतं. लोखंडावर लोखंड घासून चर पडले होते. दुसरं चाक काढलं, तेही तसंच.

"ही बस उद्या जायची नाही," तो म्हणाला.

"रिपोर्टमध्ये तसं आलंय का?"

"रिपोर्ट काढलाच नाही. हे बघा ना डोळ्यांनी!"

नलिनीबाईंनी ड्रमकडं बघितलं. त्यांना काळं लोखंड दिसलं. "हे मी पालकांना कसं दाखवू?" त्या म्हणाल्या. त्या नरोली रोडवरच्या दुसऱ्या गॅरेजातून साध्या कागदावर का होईना, रिपोर्ट आणते म्हणाल्या, तेव्हा सदाशिवनं चारही चाकं काढून शेडच्या मागं नेऊन ठेवली आणि दाराला कडी लावली. लायनर वापीहून यायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मुलं डबे घेऊन शाळेच्या पटांगणात बसली आणि तिथंच जेवून घरी गेली. गावभर बोंब झाली की बोरसेनं मशीन असून तपासणी केली नाही आणि चाकं लपवून मुलांची सहल बुडवली.

तेव्हा सदाशिवचा संयम सुटला. पुढच्या रविवारी शेडमध्ये दहाबारा माणसं जमली होती. खानोलकर मास्तर होते, पेंडसे होते, जाब विचारायला नलिनीबाईही आल्या होत्या. सदाशिव बाकावर उभा राहिला.

"ऐका. हे मशीन काही तपासत नाही. खोटं आहे. इतके दिवस मी तुम्हाला फसवलं. नुसतं चित्र दाखवतं ते, आणि कागद इटालियन भाषेत असतो."

मग खानोलकर मास्तर उठले.

"अशक्य," ते म्हणाले. "माझा क्लच त्या मशीननं बरोबर सांगितला होता."

"मी सांगितला होता मास्तर! दिवाळीपासून!"

"तुम्ही सांगत होता, पण बरोबर मशीननं सांगितला. आणि इटालियन काय? मी वाचलंय ते."

सदाशिवनं आशेनं पेंडशांकडं बघितलं. पेंडसे खाकरले. "बोरसेंचा स्वभाव विनयशील आहे," ते म्हणाले. "सगळं श्रेय मशीनला मिळतं याचं त्यांना वाईट वाटणं स्वाभाविक आहे."

"शोभा, किटली आण!" सदाशिव ओरडला. शोभानं किटली आणली, चिमटा लावला, कागद निघाला. लोकांनी तो निरखून पाहिला. एक टेम्पोवाला म्हणाला, "किटलीलाही काहीतरी झालं असेल." नलिनीबाई म्हणाल्या, "म्हणजे मशीन अगदी चालू स्थितीत आहे आणि तरी तुम्ही मला रिपोर्ट दिला नाहीत."

त्या दिवसापासून गिऱ्हाईक फुटलं. बोरसेला स्वतःच्याच मशीनचा हेवा वाटायला लागलाय, असं लोक बोलू लागले. नरोली रोडचा गॅरेजवाला लगेच मशीन विकत घ्यायला आला. सदाशिवनं त्यालाही खरं सांगितलं. त्यानं डोळा मारला. "समजी गयो, सदाशिवभाई," तो म्हणाला, "घ्यावं वाटू नये म्हणून सांगताय." आणि मशीन टेम्पोत घालून घेऊन गेला. जाताना पाटीवरच्या 'कॉम्प्युटराइज्ड'चीही चौकशी केली.

शेडमध्ये शुकशुकाट झाला. सदाशिव दिवसभर पाने पुसत बसायचा. शेवटी शोभाच म्हणाली, "अहो, मशीन खोटं होतं. म्हणून सगळीच मशीनं खोटी असतात का? त्या झाकणाखाली काय आहे ते शिकून तरी या."

वापीला सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्यानं इंजेक्शनच्या गाड्यांचा वर्ग काढला होता. सदाशिव जाऊन बसला. वर्गात सगळ्यांत थोराड तोच. वही भरून आकृत्या काढल्या, निम्म्या कळल्या. एक गोष्ट मात्र त्याला मनापासून आवडली. तिथलं हातात मावेल एवढं छोटं यंत्र गाडीला जोडलं की नुसता एक आकडा दाखवायचं. लाटा नाहीत, टूं टूं नाही. शिकवणारा म्हणाला, "हा आकडा बिघाड सांगत नाही. गाडी कशाबद्दल तक्रार करतेय तेवढं सांगतो. तक्रार करणारा नेहमी खरं बोलतो असं नाही." सदाशिवला वाटलं, म्हणजे गाडीलाही गिऱ्हाइकासारखीच सवय आहे. त्यानं तसलं एक यंत्र घेतलं. त्याचा बोर्ड लावला नाही.

नव्वदीचं दशक सरता सरता एका दुपारी व्हेलोरा दोरानं ओढत आली. पेंडसे चालत तिच्या मागं. मध्येच बंद पडायची, मध्येच चालू व्हायची. नरोली रोडला तीन कागद निघाले होते आणि तिन्ही एकसारखे होते. पेंडशांना त्याचं कारण ठाऊक होतं, पण तिथं बोलता येत नव्हतं. मुंबईला न्यायची तर पुन्हा ट्रक, पुन्हा पेटी.

"बघा जरा," ते हळू आवाजात म्हणाले. "गाजावाजा नको."

सदाशिवनं छोटं यंत्र जोडलं. आकडा आला. वहीत बघितलं, हवा मोजणाऱ्या सेन्सरची तक्रार होती. फुशारकीनं म्हणाला, "सेन्सर गेलाय." वापीहून नवा आणला, बसवला. गाडी सुरू झाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि बंद पडली. आकडा तोच. सदाशिवचा चेहरा पडला. डिसमिस लावून पाहिला, नुसती घूं घूं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सेन्सर काढून बसवला, वायरी हलवल्या, शिकवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला पेटी बदला. पेंडशांनी ते ऐकून डोक्याला हात लावला.

वैतागून सदाशिवनं पाना आपटला. तो उडून काळ्या झाकणाच्या फटीतून आत गेला. तो काढायला म्हणून त्यानं अख्खं झाकण उचललं, तर खाली कोपऱ्यात मऊ, पांढरं, रेशमासारखं घरटं. ते उचलताच एक उंदीर त्याच्या हातावरून उडी मारून शेडबाहेर पळाला. सेन्सरकडं जाणारी वायर अर्धी कुरतडलेली होती. गाडी हलली की तार टेकायची, सुटायची.

सदाशिवनं घरटं हातावर घेऊन निरखलं. "साहेब, हे तुमच्याच कारखान्याचं सूत दिसतंय."

पेंडशांनी धागा चिमटीत धरून ओढून पाहिला. सवयीनं त्याची जाडी अजमावली. मग ते भानावर आले. "उंदीर?" ते म्हणाले. "या गाडीत कॉम्प्युटर आहे, बोरसे. उंदीर कसा असेल?"

"कॉम्प्युटरची ऊब असते ना. त्याला आवडली असेल."

सदाशिवनं वायर जोडली, वरून नळी चढवली. नवा सेन्सर काढून जुनाच परत बसवला, आणि आपली चूक झाली हेही सांगितलं. पेंडशांना त्याच्या चुकीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना काळजी वेगळीच होती. शनिवारी मंडळाची बैठक होती आणि गाडीला काय झालं होतं असं सगळे विचारणार होते. ते बराच वेळ बाकावर बसून विचार करत राहिले.

शनिवारी त्यांनी सांगितलं की व्हेलोराच्या संदेशवहनात जैविक कारणांमुळे खंड पडला होता आणि बोरसेंनी तो अत्यंत कौशल्यानं दूर केला.

सोमवारी सकाळी शोभा शेड झाडत होती तेव्हा बाहेर पाच गाड्या लागल्या होत्या. सगळ्यांत पुढं खानोलकर मास्तरांची काळी गाडी, मागं शाळेची मिनीबस. काचेतून डोकं बाहेर काढून मास्तरांनी विचारलं, "बोरसे आहेत का? जैविक चेकिंग करून घ्यायचंय."

सदाशिव तोंड पुसत बाहेर आला. त्यानं रांगेकडं बघितलं, शोभाकडं बघितलं. शोभा म्हणाली, "आता पाटी बदलू नका म्हणजे झालं."

"नाही बदलत," तो म्हणाला, आणि मास्तरांना बॉनेट उघडायला सांगून इंजिनावर वाकला.